एचआरटी: कुणी घ्यावी, कोणती आणि कधी

शेवटची पाळी कोणती होती, हे ती येऊन गेल्यावर वर्षभराने कळतं. सलग बारा महिने पाळी आली नाही, की मगच म्हणता येतं, ती शेवटची होती. रजोनिवृत्तीची वैद्यकीय व्याख्या एवढीच आहे आणि बहुतेकींच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडतं. पण पाळी जायचे दिवस म्हणून जो काळ ओळखला जातो, तो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. खरा त्रास बऱ्याचदा तेव्हाच होतो. पाळी अजून येतेय ना, मग हे त्याचं नसणार, असं धरून चालल्यामुळे झोप उडणं, चिडचिड, छातीतली धडधड यांची कारणं भलतीकडेच शोधली जातात. या त्रासावरचा एक मोठा उपचार म्हणजे एचआरटी, हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी. ती समजून घ्यायची तर आधी शरीरात काय होतं ते पाहू.

या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन हळूहळू कमी होत जातं, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते उसळ्या मारत कमी होतं. ओव्हरीतली बीजं संपत आली की मेंदू एफएसएच हे हार्मोन जास्त सोडून तिला दामटायला लागतो. त्यामुळे एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन पूर्वीपेक्षाही वर जातं आणि पुढच्या महिन्यात कोसळतं. शिवाय काही महिने बीज बाहेर पडतच नाही, आणि बीज पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होत नाही. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. आवर घालणारं कुणी उरलं नाही की अस्तर जाड होत जातं. मग दोन महिने काहीच नाही आणि तिसऱ्या महिन्यात गुठळ्या पडतील इतकं अंगावरून जातं. ही जोडी लक्षात ठेवा, कारण पुढे औषध निवडताना पहिला प्रश्न तिचाच येतो.

या चढउतारामुळेच पंचेचाळिशीनंतर निदानासाठी हार्मोनच्या रक्ततपासणीची सहसा गरज पडत नाही. एफएसएच आज वाढलेलं दिसेल आणि काही आठवड्यांनी पुन्हा खाली आलेलं असेल. वय आणि लक्षणं सांगितली की निदान होतं. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन मात्र बघून घ्यावं, कारण धडधड, घाम आणि थकवा त्यांच्यामुळेही येतो. लाळेतून हार्मोन मोजून ‘खास तुमच्यासाठी’ डोस ठरवून देणारी पॅकेजेस विकली जातात. माझ्या मते ते पैसे सरळ वाया जातात. लाळेतल्या आकड्यावरून डोस ठरवायला भरवशाचा आधार नाही. पंचेचाळिशीच्या आत पाळी थांबायला लागली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तपासण्या लागतात.

अंगातून वाफा का निघतात

मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान एका पट्ट्यात सांभाळतो. त्या पट्ट्याच्या आत थोडं वरखाली झालं तर तो काही करत नाही. बाहेर गेलं तर घाम आणतो, नाहीतर थंडी वाजवतो. त्याच भागात चेतापेशींचा एक गट आहे, ज्याला इस्ट्रोजेन आवरून धरतं. इस्ट्रोजेन घटलं की या पेशी आकाराने मोठ्या होतात, न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन जास्त सोडतात आणि तापमानाचा तो पट्टा अगदी अरुंद होऊन बसतो. मग एक जिना चढला, गरम काही प्यायलं, कुणाशी वाजलं, एवढंही पुरतं. शरीराला वाटतं आपण तापलोय, आणि ते उष्णता बाहेर फेकायला लागतं.

हॉट फ्लॅश जिला येतो तिला त्याचा क्रम पाठ असतो. छातीत काहीतरी पेटल्यासारखं होतं, ती ऊब मानेवरून चेहऱ्यावर चढते, कान तापतात, नाडी पळायला लागते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडल्याने चेहरा लाल होतो, मग घाम फुटतो. एक ते पाच मिनिटांत सगळं ओसरतं आणि भिजलेल्या कपड्यांत हुडहुडी भरते. दिवसा माणूस हे कसंबसं निभावून नेतो. रात्री तीनदा असं झालं तर दुसऱ्या दिवशीचं काम, लक्ष आणि स्वभाव तिन्ही जातं, आणि घरातल्यांना दिसतो तो फक्त स्वभाव.

हे किती दिवस चालतं? ‘सहन कर, वर्षभराचा प्रश्न आहे’ हा सल्ला प्रेमळ असला तरी चुकीचा आहे. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात वारंवार येणाऱ्या हॉट फ्लॅशचा मध्यक कालावधी (निम्म्या जणींना याहून जास्त, निम्म्यांना कमी) ७.४ वर्षं निघाला. पाळी चालू असतानाच ज्यांना हे सुरू झालं, त्यांना ते आणखी लांब पुरलं. ज्यांना पाळी थांबल्यानंतर सुरू झालं, त्यांचं ३.४ वर्षांत आटोपलं.

शब्द न आठवणं, खोलीत आल्यावर कशाला आलो ते विसरणं, हेही या काळात अनेकींना होतं. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात नसते, बहुतेकींची गाडी नंतर रुळावर येते. मन खचल्यासारखं वाटणं मात्र हलक्यात घेऊ नये. या वर्षांत नैराश्याचा धोका खरोखर वाढतो, विशेषतः आधी कधी ते येऊन गेलं असेल तर. त्यावर नैराश्याचे उपचारच करायचे असतात.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही

हॉट फ्लॅश आज ना उद्या कमी होतात. योनीचा कोरडेपणा मात्र उपचाराशिवाय सहसा जात नाही, उलट वर्षं जातात तसा वाढतो. इस्ट्रोजेन नसलं की तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आम्लता कमी होते, जंतूंना रोखणारे लॅक्टोबॅसिलस हे चांगले जीवाणू कमी होतात. त्यातून संबंधांच्या वेळी दुखणं, खाज, लघवीला जळजळ, घाई होणं आणि पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग. वर्षातून तीन-चार वेळा अँटिबायोटिकचा कोर्स घेणारी साठीतली बाई अनेकदा हाच त्रास काढत असते, पण मूळ कारण कुणी विचारलेलं नसतं आणि तिने सांगितलेलं नसतं.

यावरचा उपचार या सगळ्या विषयातला सर्वात साधा आहे. इस्ट्रोजेनचं कमी डोसचं क्रीम किंवा छोटी गोळी योनीत ठेवायची, सहसा पहिले दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. त्यातलं इतकं थोडं रक्तात जातं, की सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावं लागत नाही. पुढे एचआरटीच्या धोक्यांची जी चर्चा आहे, ती या उपचाराला लागू करू नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने आधी हार्मोनविरहित मॉइश्चरायझर आणि वंगण वापरून पाहावं, आणि त्याने भागलं नाही तर आपल्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलून पुढचं ठरवावं.

२००२ चा धसका

आता एचआरटी, म्हणजे ओव्हरीने बंद केलेलं हार्मोन बाहेरून देणं. १९४२ मध्ये अमेरिकेत प्रीमरिन ही गोळी बाजारात आली, तिच्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं होतं. पुढे कायम तरुण राहण्याचं औषध म्हणून तिचा गाजावाजा झाला. १९७५ मध्ये लक्षात आलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतोय. आवर घालणारं कुणी नव्हतं, म्हणून. मग सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध (प्रोजेस्टिन) देणं सुरू झालं आणि तो धोका आटोक्यात आला. नव्वदच्या दशकापर्यंत डॉक्टर हृदयविकार टळावा म्हणूनही एचआरटी लिहून देऊ लागले होते.

हे खरं आहे का, हे तपासायला अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा प्रचंड अभ्यास झाला. त्याच्या एका भागात १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्र गोळी, निम्म्यांना खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतर, हा भाग मुदतीआधी थांबवला गेला. ‘स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला’ ही बातमी जगभर गेली, बायकांनी गोळ्या टाकून दिल्या आणि कित्येक डॉक्टरांनी त्या लिहिणंच सोडलं.

तो २६ टक्क्यांचा आकडा उलगडून पाहू. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. तीसवर आठ वाढले म्हणजे साधारण सव्वीस टक्के, आणि दहा हजारांत आठ जणी जास्त. दोन्ही वाक्यं खरी आहेत. बातमीत फक्त पहिलं आलं. पक्षाघात आणि फुप्फुसात गुठळी अडकणं, यांतही दहा हजारांमागे वर्षाला आठ-आठची वाढ दिसली. दुसऱ्या पारड्यात, खुब्याचं हाड मोडण्याच्या घटना पाचने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने कमी झाला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यातल्या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. हॉट फ्लॅशने हैराण झालेली पन्नाशीची बाई आणि पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली, रक्तवाहिन्या आधीच कडक व्हायला लागलेली बाई यांना एकाच आकड्याने मोजणं बरोबर नव्हतं. अभ्यासाचा दुसरा भाग गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांचा होता, ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन मिळालं. तोही २००४ मध्ये पक्षाघाताचा धोका दिसल्याने थांबवला गेला, पण तिथे स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट कमी आढळला. २०१७ मध्ये १८ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला तेव्हा हार्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता.

म्हणून तो अभ्यास चुकीचा होता, असं आता ठोकून दिलं जातं, ते मला पटत नाही. साठी ओलांडल्यावर हृदय वाचवण्यासाठी हार्मोन सुरू करावेत का, या प्रश्नाचं ‘नाही’ हे उत्तर त्याने दिलं आणि ते आजही टिकून आहे. गोंधळ झाला तो ते उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटवल्यामुळे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने या औषधांवरचा काळ्या चौकटीतला सर्वात कडक इशारा बऱ्याच अंशी काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू केली. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराला असलेल्या धोक्याचा इशारा तेवढा ठेवला. वारं आता उलट्या दिशेने वाहू लागलंय, आणि कायम तरुण राहण्याची जुनी जाहिरात नव्या कपड्यांत परत येतेय. तिच्यापासूनही तितकंच सावध राहायला हवं.

मग निवड कशी होते

त्रास होतोय, वय साठीच्या आत आहे किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, आणि एचआरटी टाळावी असं दुसरं कारण नाही, अशा बहुतेक स्त्रियांमध्ये फायद्याचं पारडं जड असतं, असं आज या विषयातल्या प्रमुख वैद्यकीय संस्था मानतात. हॉट फ्लॅशवर याच्याइतकं चालणारं दुसरं औषध नाही. शिवाय हाडांची झीजही रोखली जाते, जी पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सर्वात वेगाने होते.

पहिला प्रश्न, गर्भपिशवी आहे का? काढलेली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, यात सूट नाही. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर ते महिन्यातले १२ ते १४ दिवस देतात, मग ठरलेल्या वेळी रक्तस्राव होतो. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर दोन्ही रोज, मग रक्तस्राव होऊ नये अशी अपेक्षा. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध सोडणारी, गर्भाशयात बसवायची टी आकाराची वस्तू आधीपासून असेल तर मुदतीत असेपर्यंत अस्तराची राखण ती करते. प्रोजेस्टेरॉनमध्ये मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कण केलेला) प्रकार शरीरातल्या हार्मोनसारखाच असतो. स्तनांच्या दृष्टीने तो जुन्या प्रोजेस्टिनपेक्षा सौम्य असावा, असं निरीक्षणांवर आधारित अभ्यास सांगतात. त्याने गुंगी येते, म्हणून तो झोपताना घेतात. झोप उडालेल्या बाईला हा दुष्परिणाम बरा वाटतो.

दुसरा प्रश्न, गोळी की त्वचेवाटे? गोळी पोटातून आधी यकृतात जाते, आणि तिथे रक्त गोठवणारे घटक जास्त तयार होतात. त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. त्वचेवर चिकटवायच्या पॅचमधलं किंवा लावायच्या जेलमधलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं आणि नेहमीच्या डोसमध्ये गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त, बीपी, अर्धशिशी, गुठळीची शक्यता, यांपैकी काही असेल तर त्वचेवाटेच घ्यावं, असंच बहुतेक डॉक्टर सुचवतील.

पॅच कमरेच्या खाली, पोटाच्या खालच्या भागावर किंवा कुल्ल्यावर लावतात. स्तनांवर कधीच नाही, आणि जिथे इलॅस्टिक घासेल तिथेही नको. त्वचा कोरडी हवी. आंघोळीनंतर लोशन चोपडून वर पॅच लावला तर तो संध्याकाळपर्यंत निघून येतो. प्रकाराप्रमाणे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा तो बदलायचा, दर वेळी जागाही बदलायची. जेल दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर लावून वाळू द्यायचं, हात धुवायचे, आणि लगेच लहान मुलाला त्या दंडाशी कवटाळायचं नाही, कारण हार्मोन त्याच्या अंगालाही लागतं.

पहिले तीन महिने स्तन दुखणं, मळमळ, थोडे डाग लागणं होऊ शकतं. फरक काही आठवड्यांत जाणवतो, पण औषधाचा पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी येतो, म्हणून दहा दिवसांत ‘मला मानवत नाही’ म्हणून सोडू नये. आणखी एक, एचआरटीने गर्भ राहायचा थांबत नाही. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षं काळजी घ्यावी लागते.

ज्यांना चालत नाही त्यांची यादी स्पष्ट आहे: स्तनाचा किंवा इस्ट्रोजेनवर वाढणारा कर्करोग होऊन गेलेला, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, रक्ताची गुठळी, यकृताचा चालू आजार, आणि कारण न कळलेला योनीतला रक्तस्राव.

चाळिशीच्या आत पाळी गेली किंवा ऑपरेशनमध्ये दोन्ही ओव्हरी काढल्या, तर हिशोब उलटा होतो. इथे हार्मोन न घेणं हाच मोठा धोका असतो, हाडांना आणि हृदयाला. वरच्या यादीतलं कुठलं कारण आड येत नसेल तर पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत, एचआरटी घ्यावी असा सल्ला आहे. ६३ वर्षांच्या बायकांवरच्या आकड्यांनी या तरुण मुलींना घाबरवलं जातं, याची मला खरोखर चीड येते.

हार्मोन नको असतील तर

नैराश्यावरची काही औषधं कमी डोसमध्ये हॉट फ्लॅश कमी करतात, उदाहरणार्थ व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मात्र पॅरॉक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनला शरीरात नीट काम करू देत नाही. रात्रीचा त्रास जास्त असेल तर गॅबापेंटिन. न्यूरोकायनिनचा रस्ताच अडवणारं फेझोलिनेटंट अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं; त्यासोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपीने, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने, वाफा थांबतात असं नाही, पण त्यांचा जाच आणि झोपेचं खोबरं दोन्ही कमी होतं.

औषधी वनस्पतींच्या गोळ्यांबद्दल एक आकडा सांगते. एचआरटीवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर त्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांचेही हॉट फ्लॅश सरासरी निम्म्याहून जास्त कमी झालेले दिसतात. म्हणजे कुठलीही गोळी घेऊन अनेकींना बरं वाटणारच. ‘मला गुण आला’ हा अनुभव खरा असतो, पण त्यावरून ती गोळी चालते हे सिद्ध होत नाही. व्यायामाचंही तसंच: त्याने वाफा कमी होतात याचा पक्का पुरावा नाही. वजन उचलायचा व्यायाम करायचा तो हाडं, स्नायू आणि हृदयासाठी. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मात्र हॉट फ्लॅशमध्ये फरक पडतो, आणि सिगारेट सोडल्याचा फायदा तर सगळीकडेच.

एचआरटी किती वर्षं घ्यायची, याला आता ठरावीक मर्यादा सांगत नाहीत. दरवर्षी डॉक्टरकडे बसून हिशोब पुन्हा मांडायचा: त्रास उरलाय का, बीपी कसं आहे, नवीन काही आजार आलाय का, डोस कमी करता येईल का. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन एकत्र घेताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका वर्षांगणिक थोडा थोडा वाढतो, म्हणून मॅमोग्राफी चुकवायची नाही. बंद करताना हळूहळू उतरवलं तर वाफांचा पहिला तडाखा सौम्य बसतो. काही महिन्यांनंतर मात्र एकदम सोडलेल्या आणि हळूहळू सोडलेल्या बायकांत फारसा फरक उरत नाही. योनीत ठेवायचं इस्ट्रोजेन बंद करायची गरजच नसते, सोडलं की कोरडेपणा परत येतो. आणि औषध सुरू केल्यावरचे पहिले तीन महिने सोडले, तर औषध चालू असो वा नसो, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग लवकर सापडतो तो याच एका खुणेवरून.